पूरग्रस्त गावाला काय पाठवावं?

प्रश्न : २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. मग मंडळाने नेमकं काय पाठवावं?

उत्तर १ : आधी ग्रामपंचायतीला फोन, मग खरेदी. पाणी ओसरल्यावर लागतात खराटे, फावडी, गमबूट, फिनेल, सॅनिटरी पॅड, ओआरएस आणि टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करणारी, क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर). शिजवलेलं अन्न लांबून नको, वाटेतच आंबतं. गाडीत काय किती आहे त्याची यादी चालकाकडे द्या. नाहीतर उतरवतानाच दिवस जातो.

उत्तर २ : विहिरीत टीसीएल अंदाजाने टाकू नका. आधी विहिरीतलं पाणी मोजा : व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५ = लिटर. ४ मीटर व्यास, ५ मीटर पाणी म्हणजे ६२,८०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम धरून सुमारे १५७ ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळीच विहिरीत सोडा, तासभर थांबा. पण आधी गढूळ पाणी उपसा. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. ओलसर पोत्यातली पावडर तर निव्वळ चुनाच!

उत्तर ३ : पैसे देणार असाल तर चेक किंवा ऑनलाइन. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरातली ८०जी सवलत मिळत नाही.