सेंट्रल लाइन सरसकट टाकावी का? मिरजेतल्या आयसीयूंच्या निमित्ताने

जतकर:
जत-आटपाडीकडून मिरजेला आलेला सेप्सिसचा (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेला) रुग्ण आयसीयूत पोहोचला की बहुधा पहिल्या तासातच त्याच्या मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, पडते, आणि गरज संपल्यावरही ती ‘असू द्या, रक्त काढायला बरी’ म्हणून तशीच राहते. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तर रक्तदाब वाढवणारे औषध लाइनसाठी न थांबता हातातल्या शिरेतून सुरू करायला सुचवतात. मग फुप्फुसाभोवती हवा साठणे, सुई धमनीत जाणे, शिरेत गुठळी होणे, रक्तात जंतुसंसर्ग होणे ही जोखीम सरसकट सगळ्यांच्या माथी कशासाठी?

कृष्णाकाठ:
सूचना अर्धीच सांगितलीत. तिथेच पुढे ‘थोड्या काळापुरते’ आणि ‘कोपरातल्या किंवा त्यावरच्या शिरेतून’ असेही म्हटले आहे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध मनगटाच्या बारीक शिरेतून चालू असताना सुई सरकली, तर कातडी आधी पांढरीफटक आणि मग काळी पडते. रात्रपाळीत एका सिस्टरकडे पाच-सहा खाटा असताना ते पाहणार कोण? उलट सोनोग्राफीत बघून मानेतली लाइन टाकली, तर धमनीला इजा होण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

रात्रपाळी:
तुम्ही दोघेही टाकण्यावरच भांडता. आम्हाला ती पुढे सांभाळावी लागते. एप्रिल-मेमध्ये मानेवरचे ड्रेसिंग घामाने सुटते, त्यावर घाईत आणखी एक चिकटपट्टी बसते आणि आतली ओल तशीच राहते. हब (लाइनचे बाहेरचे, औषध टोचायचे तोंड) स्पिरिटने न घासता इंजेक्शन देणारेही कमी नाहीत, त्यांत डॉक्टरही आले. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या आयसीयूंचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा: हात धुणे, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाकणे, कातडीला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरणे, जांघ शक्यतो टाळणे आणि नको ती लाइन काढणे, एवढ्यावर तिथला संसर्ग झपाट्याने घटला. यातले महागडे काय आहे?

जतकर:
कोपराचा मुद्दा मान्य, पण तो लाइन टाकण्यापुरता. ‘आज हिची गरज आहे का?’ हे रोजच्या राउंडला विचारून केसपेपरवर लिहायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठ:
हरकत नाही, मात्र त्याचा अर्थ ‘ठरावीक दिवसांनी बदला’ असा कुणी घेऊ नये, कारण नुसत्या बदलण्याने संसर्ग टळत नाही आणि सुईची जोखीम पुन्हा पत्करावी लागते. शिवाय लाइन काढताना रुग्णाला बसवलेले मी पाहिले आहे. मानेतली लाइन त्याला आडवे करून, श्वास रोखायला सांगून काढायची आणि लगेच जागा दाबून हवाबंद ड्रेसिंग लावायचे. नाहीतर शिरेत हवा शिरून जीवावर बेतू शकते.