मदत हवी आहे: रेडिएशननंतर पेल्विक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी, इंदूर

नमस्कार. विषय नाजूक आहे, घरात कोणाशी बोलायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना (वय 54) गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. 25 वेळा बाहेरून सिकाई (रेडिएशनला इंदुरात आम्ही मराठी माणसंही सिकाईच म्हणतो), आठवड्याला एक केमो, मग 3 वेळा आतून सिकाई, म्हणजे ब्रेकीथेरपी. संपून सहा आठवडे झाले. सिकाईच्या वेळी रोज पाणी पिऊन लघवी धरून ठेवायच्या, आता बाथरूमपर्यंतही पोचवत नाही. आतली तपासणी करताना तर किंचाळल्याच. डॉक्टर म्हणाले, आत चिकटत चाललंय, डायलेटर (योनीची वाट मोकळी ठेवायला आत घालायची गुळगुळीत कांडी) वापरा. कसा, कधी, काही सांगितलं नाही. दवा बाजारात चिठ्ठी दाखवली तर काउंटरवरच्या मुलाने बाहुली मोठी करायला डोळ्यांत घालायचे थेंब काढून दिले!

कॉलनीतल्या फिजिओने विचारलं, "गुडघा की कंबर?" शेवटी व्हिडिओ बघून जाऊबाई रोज शंभर कीगल (लघवी रोखल्यासारखे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) करतात. दुखणं वाढलंय.

खरी अडचण वेगळीच. भावजी जाऊन नऊ वर्षं झाली. डायलेटर म्हटलं की त्या म्हणतात, "मला आता काय करायचंय ते?" पुढे बोलायची माझी हिंमत होत नाही.

इंदुरात हे काम करणाऱ्या बाई फिजिओ कोणाला माहीत आहेत का?

प्रतिसाद

ताई, आधी ते शंभर कीगल बंद करा. रेडिएशननंतर स्नायू बऱ्याचदा ढिले नाही, आखडलेले असतात. आवळून आणखी दुखतात. हाताने तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. तोवर पोटाने सावकाश श्वास, बस. लघवीला जळजळ असेल तर आधी तपासून घ्या, इन्फेक्शनही असू शकतं.

डायलेटर साधारण 2 ते 8 आठवड्यांत, आतली जखम निवली की सुरू करतात. सगळ्यात लहान साइझ, पाण्याचं जेल, आठवड्यातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं. थोडा डाग चालतो. जास्त रक्त गेलं तर थांबून डॉक्टरांना फोन. जाऊबाईंना एवढंच सांगा: हे नवऱ्यासाठी नाही, तपासणीसाठी आहे. वाट बंद झाली तर आजार परतलाय का हे डॉक्टरांना आतून नीट तपासता येणार नाही.

फिजिओसाठी रेडिएशनच्या ओपीडीतल्या सिस्टरना विचारा. "विमेन्स हेल्थ" हा शब्द वापरा, नाहीतर परत गुडघाच.

धागाकर्ती

तपासणीचं सांगितलं. गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "हे त्या डॉक्टरला बोलता नव्हतं येत?" सोमवारी ओपीडीत जातोय. बाई फिजिओचं नाव कोणाकडे असेल तर अजून हवंच आहे.