'स्टेट'साठी सरकार, राज्य की राज्यसंस्था?

ताम्हण: अराज्यवाद्यांवरचा, म्हणजे स्टेटच नको म्हणणाऱ्या अनार्किस्टांवरचा, एक लेख मराठीत करतेय. 'स्टेट'ला मी 'सरकार' लिहिलं, तपासणाऱ्यांनी सरसकट 'राज्य' केलं. आता 'राज्य नष्ट करा' वाचलं की महाराष्ट्र राज्यच डोळ्यांपुढे येतं. शिवाय बॉस्टनचा बेंजामिन टकर आणि रशियन क्रांतिकारक बाकूनिन, या दोन्ही अराज्यवाद्यांना एकच शब्द चालेल?

गोदाकाठ: टकरला 'सरकार' चालेल. तो व्यक्तिवादी. स्टेट संमती न विचारता हुकूम चालवते आणि कर घेते, हा त्याचा राग. १८८८च्या लेखात त्याने चार मक्तेदाऱ्या मोजल्यात: पैसा, जमीन, जकात, पेटंट. सरकारने पाठबळ काढलं की खुल्या स्पर्धेत त्या टिकणार नाहीत, असं तो म्हणतो. त्याच परंपरेतल्या अमेरिकेच्या लायसँडर स्पूनरने १८४४मध्ये सरकारी टपालापेक्षा स्वस्त खासगी टपाल सुरू केलं होतं. खटल्यांनी ते बंद पडलं.

मावळमाती: पण बाकूनिनचा स्पर्धेवर भरवसा नाही. त्याच्या लेखी स्टेट ही मालमत्तेची राखणदार, दोन्ही एकदमच जायला हवीत. कामगारांच्या नावाने ती चालवली तरी नवे साहेब तयार होतील, हा त्याचा मार्क्सशी वाद. १८७२मध्ये हेगच्या अधिवेशनात त्याला इंटरनॅशनलमधून, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, काढलं. सरकार पडलं तरी कलेक्टर कचेरी चालूच राहते, म्हणून इथे 'राज्यसंस्था'च हवं.

पाटकरी: किती पुस्तकी! आमची आजी इनामदाराला 'सरकार' म्हणायची. मालक आणि सत्ता एकाच शब्दात. बाकूनिनला याहून नेमका शब्द कुठला?

देवनागरी_प्रेमी: 'सरकार' फारसी आहे. 'शासन' असताना उसनं कशाला? आणि 'अराजक'ही वाईट नाही. महाभारताच्या शांतिपर्वात म्हटलंय, आधी राजाही नव्हता, दंड म्हणजे शिक्षाही नव्हती, प्रजा धर्मानेच एकमेकांना राखत होती.

मावळमाती: त्याच पर्वात राजा नसला की मोठा मासा लहानाला खातो, हेही आहे. आणि फारसी काढायची तर 'जमीन'ही काढा.

ताम्हण: बाकूनिनच्या सामूहिक मालकीला काय म्हणू? 'सरकारजमा' तर उलटंच होईल.

पाटकरी: गायरानासारखी, 'गावकीची' म्हणा.

गोदाकाठ: आमच्या गायरानाच्या सातबाऱ्यावर 'सरकार' आहे. गाव फक्त चारतं.

पाटकरी: चारतो तोच धनी, असं आमच्याकडची म्हातारी माणसं ठणकावून सांगतात. आणि गायरान नव्हे, 'गुरचरण'.

देवनागरी_प्रेमी: गायरान आणि गुरचरण एकच का? वेगळा धागा काढू या.