उत्तर: पॅन्ट्रीची तूरडाळ – गोण्यांचं काय करायचं?

नमस्कार,
कॅम्पस पॅन्ट्रीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांना मोफत किराणा देणाऱ्या केंद्राच्या, बाईंचं उत्तर आलं. गोणी फोडून घरी झिपलॉकमध्ये भरलेली डाळ त्या घेणार नाहीत. कंपनीचं सीलबंद पाकीट, त्यावर घटक आणि तारीख हवी. माझ्या गॅरेजमध्ये आपल्या मंडळाने दानासाठी घेतलेल्या २० पौंडांच्या आठ गोण्या आहेत आणि शनिवारी द्यायचं ठरलंय. आजच कळवा.
– सचिव

सचिवताई, १९९६चा अमेरिकेचा फेडरल कायदा आहे. सद्हेतूने अन्न देणाऱ्याला त्यात संरक्षण आहे. तो दाखवा त्यांना. आणि खरेदीआधी आमच्या समितीला विचारायला हवं होतं, मागच्या वर्षीही हेच झालं.
– अन्नदान समिती

कायदा देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्यावर सक्ती नाही. गोण्या परत करू, पावत्या माझ्याकडे आहेत. पण एवढी फी भरून आलेल्या मुलांना खरंच गरज असते का? आम्ही चौघं एका कुकरवर राहिलो, भागलं.
– खजिनदार

काका, मी त्या पॅन्ट्रीत जाते. फीचं कर्ज परस्पर युनिव्हर्सिटीला जातं, हातात काही येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर स्नॅप, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत, मिळत नाही, सत्र चालू असताना काम कॅम्पसवरच, तेही आठवड्याला २० तास. ऑक्टोबरमध्ये घराचं डिपॉझिट अडकलं आणि तीन आठवडे दुपारचं जेवण सोडलं. मिडटर्मला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याखाली लिहून आले. पॅन्ट्रीतून तांदूळ-राजमा आणायला लागल्यावर संध्याकाळच्या लॅबमध्ये डोकं चालायला लागलं. इथल्या मुलांचंही तेच आहे. २०२०च्या राष्ट्रीय पाहणीत पदवीच्या २३ टक्के विद्यार्थ्यांना अन्नाची चणचण होती.
एक विनंती, मंडळाचा बॅनर नको. ओळखीची माणसं फोटो काढत उभी असली तर मी त्या दिवशी आत जाणार नाही.
– एमएसची विद्यार्थिनी

बॅनर नाही तर वार्षिक अहवालात काय छापायचं? देणगीदार विचारतात.
– अन्नदान समिती

खजिनदार, त्या चौघांतला मी एक. भागलं नव्हतं रे. थर्मोडायनॅमिक्समध्ये सी आला ते सत्र मी ब्रेडवर काढलं होतं, तुला सांगितलं नव्हतं एवढंच. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९९३ साली विद्यार्थ्यांनीच फूड बँक उभी केली. आमच्याकडे तसं काही असतं तर मी गेलो असतो.
– माजी अध्यक्ष

मला खरंच माहीत नव्हतं. शुक्रवारी सहाला व्हॅन घेऊन गॅरेजवर येतो. दोन पौंडांची पाकिटं घेऊ.
– खजिनदार

बॅनर नाही. अहवालात पावती छापू. अर्धी पाकिटं फायनल्सच्या आठवड्यासाठी मागे ठेवते. गोण्या उचलायला आणखी दोघं हवेत.
– सचिव