भाड्याचे मोटरहोम परत देण्यापूर्वीची सफाई: इंदूरकरांचे अनुभव

पावसाळ्यात मांडूला आणि थंडीत महेश्वर, हनुवंतिया किंवा पचमढीला मोटरहोम (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन जाणारी मराठी कुटुंबे आता आपल्याही ओळखीत दिसू लागली आहेत. प्रवासाच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात. परंतु गाडी परत करताना सफाईच्या नावाखाली अनामत रकमेतून पैसे कापले जातात, त्याबद्दल कोणी सविस्तर सांगत नाही. म्हणून या धाग्यात तेवढाच विषय ठेवू या. काय स्वच्छ केले, कशाने केले आणि ताब्यात घेताना मालकाने काय तपासले, हे लिहावे. गाडीमालकाचे नाव मात्र कोणीही घेऊ नये.

लोकमान्य नगर

आमच्या गाडीतले जेवणाचे टेबल पांढऱ्या सनमायक्याचे होते, आणि आमच्या घरात पोह्यांशिवाय दिवस उगवत नाही. हळदीचा डाग पडला की हात आधी साबणाकडे जातो. पण साबण अल्कधर्मी असल्यामुळे डाग तांबडा होतो आणि पाहणारा अधिकच घाबरतो. तो साध्या पाण्याने पुसून टाकावा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा, कारण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. टेबलाची फळी निघणारी असल्याने आम्ही ती महेश्वरच्या मुक्कामी दुपारभर उन्हात ठेवली आणि डाग नाहीसा झाला. गादीच्या खोळींवरही हाच उपाय चालला. फोडणीचा वास मात्र इतक्या सहजासहजी जात नाही. हिंग आणि मिरचीची वाफ छताच्या कापडी अस्तरात मुरते, म्हणून फोडणीपुरती शेगडी बाहेर मांडणे हीच खरी सफाई आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुदामा नगर

आम्ही पावसाळ्यात मांडूला गेलो होतो. माळव्याची काळी माती ओली असताना पुसायला गेले की ती पायपुसण्यात, गालिच्यात आणि पायरीच्या खाचेत आणखी आत जाते. तिला पूर्ण वाळू द्यावे, मग कडक ब्रशने खपल्या काढाव्यात आणि ओले फडके सर्वांत शेवटी घ्यावे. बाहेरून पाण्याचा जोरदार फवारा मारताना भिंतीवरच्या फ्रिजच्या जाळ्या टाळाव्यात, कारण त्यांतून पाणी थेट आतल्या यंत्रणेवर जाते. खिडक्या बहुधा काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात. त्यांच्यावर कोरडे फडके फिरवले तर ओरखडे उमटतात आणि अमोनिया असलेला काच-क्लीनर वापरला तर बारीक तडे जाऊ शकतात. भरपूर पाणी आणि सौम्य साबण पुरतो. बाजूचा कापडी मांडव ओला गुंडाळावा लागला असेल, तर परत देण्याआधी तो उघडून वाळवावाच, नाहीतर बुरशीचे ठिपके धरतात आणि ते पुढे निघत नाहीत.

राजेंद्र नगर

इतका खटाटोप आम्ही करत नाही. झाडून-पुसून गाडी देतो आणि सफाईचे शुल्क भरतो. सुट्टीची शेवटची संध्याकाळ ब्रश घेऊन घालवण्यापेक्षा ते परवडते.

वैशाली नगर

वरील मत आतल्या धुळीपुरते मान्य आहे. टाक्यांच्या बाबतीत नाही. मुलीकडे न्यूझीलंडला गेलो असताना आम्ही मोटरहोम घेतले होते. तिथे मोरीच्या आणि संडासाच्या अशा दोन्ही टाक्या रिकाम्या करूनच गाडी परत करायची असते आणि त्यासाठी गावोगावी डंप स्टेशने, म्हणजे सांडपाणी ओतण्याच्या ठरलेल्या जागा आहेत. संडासाची टाकी बाहेरच्या झडपेतून सुटकेससारखी ओढून निघते. तिच्यात साधारण १७ ते २० लिटर मावते. ती ठरलेल्या तोंडात ओतून पाण्याने दोन-तीनदा खळखळून घ्यायची आणि मग तिचे ठरावीक रसायन घालायचे. घरातले ब्लीच तिच्यात घालू नये, त्याने रबरी सील खराब होते आणि पुढच्या माणसाच्या वाट्याला गळती येते. तिथला टाकी धुण्याचा नळ पिण्याच्या पाण्यासाठी नसतो, हे विशेष लक्षात ठेवावे. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळीच ठेवलेली बरी.

आपल्याकडे वाटेत अशी सोय सहसा मिळत नाही. त्यामुळे संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, हे गाडी घेतानाच मालकाला विचारावे. नर्मदेच्या काठी किंवा रस्त्याकडेच्या नाल्यात ती ओतण्याचा विचारसुद्धा करू नये. मोरीच्या पाण्याच्या टाकीला मात्र एक सोपी युक्ती लागू पडते. ती आधी रिकामी करावी, मग तिच्यात बादलीभर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण सोडून निघावे. मंडलेश्वरहून जाम घाट चढेपर्यंत वळणावळणाने पाणी आतल्या आत घुसळून निघते आणि भिंतींना चिकटलेले तूप-तेल सुटते. इंदूरला पोहोचल्यावर ती पुन्हा रिकामी केली की झाले.

टिळक नगर

इंदूरकराला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, हे सांगावे लागत नाही. पण प्रवासात सर्व एकाच पिशवीत जाते आणि ती पिशवी गाडीतच राहते. आम्ही दोन डबे घरूनच नेतो आणि परतल्यावर आपल्या दारी येणाऱ्या कचरागाडीत रिकामे करतो. फ्रिज बंद केल्यावर आतून कोरडा पुसून दार किंचित उघडे ठेवावे. घट्ट लावलेला बंद फ्रिज लगेच कुबट होतो. शेव आणि जिरावन (पोह्यांवर घालायचा मसाला) बाकांच्या फटींतून काढण्यासाठी रंगाचा जुना ब्रश उत्तम.

रामबाग

राजेंद्र नगरच्या काकांना एवढेच विचारावेसे वाटते की, शुल्क भरल्यानंतरही ‘वास येतो’ म्हणून वेगळी रक्कम कापली गेली तर काय करणार? आमच्या बाबतीत तो वास आम्ही गाडी घेण्यापूर्वीचाच होता, आणि घेताना मालकाच्याच माणसासमोर कपाटे, संडास आणि मोरी उघडून व्हिडिओ काढताना आम्ही तसे बोलूनही ठेवले होते, म्हणून पैसे परत मिळाले. आता परत देण्याच्या दिवशी आम्ही खिडक्या अर्धा तास बंद ठेवतो आणि प्रवासात नसलेल्या कोणाला तरी आत जाऊन वास घ्यायला सांगतो. आपल्या नाकाला तोवर त्याची सवय झालेली असते. सुगंधी फवारा मारत नाही, कारण तो आला की मालक प्रत्येक कपाट उघडून पाहू लागतो.