मदत हवी आहे : आईला स्कूटरवर मागे बसवून रुमस्सलाच्या शांती स्तूपापर्यंत जाता येईल का?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला घेऊन श्रीलंकेला चाललेय. मुक्काम उनावटुनाला, गॉलच्या जवळच. तिथल्या रुमस्सला टेकडीवर जपानी भिक्खूंनी बांधलेला पांढरा शांती स्तूप आहे, आईला तो बघायचाच आहे. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते, हे ती लहानपणापासून ऐकत आलीय. तिने निळ्या काठाची पांढरी साडी आत्ताच इस्त्री करून बॅगेत ठेवलीय. (हनुमानाच्या हातून पडलेला द्रोणागिरीचा तुकडा म्हणजे हीच टेकडी, असं तिथले लोक मानतात.)

मी रोज अ‍ॅक्टिव्हा चालवते आणि तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे रस्त्याची भीती नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढलाय. काळजी वाटते ती शेवटच्या चढाची. मागच्या पावसाळ्यात घाटातल्या वळणावर बारीक खडीवरून आमची गाडी घसरली होती. तेव्हापासून चढ लागला की आई माझा खांदा इतका घट्ट धरते की वळ उठतात.

कुणी डबलसीट गेलंय का? पाऊस पडून गेल्यावर रस्ता निसरडा होतो का? गाडी लावल्यावर पायऱ्या किती चढाव्या लागतात? आईचे गुडघे दुखतात, आणि वर अनवाणी फिरायचं म्हणजे दुपारी फरशी तापलेली असणार. सकाळी लवकर जावं की संध्याकाळी? परवान्यावर तिथला वेगळा शिक्का कुणी घेतला असेल तर तेही सांगा. स्कूटर नकोच असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा, टुकटुक करू.