साडीवरचा शर्ट : तुमचेही अनुभव लिहा

निफाड तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणीनंतर डिपिंग सुरू झालं की आई साडीवर दादांचा जुना फुल शर्ट चढवायची, मनगटाची बटणं लावून, डोक्याला स्कार्फ गच्च बांधून. मांडवाखाली दिवसभर हात वर. मगातल्या औषधात एकेक घड बुडवायचा, ते कोपरापर्यंत ओघळत यायचं. बागेतल्या सगळ्याच बायका अशा. त्या शर्टाबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी मात्र ओढ्यापाशी आलो की आई शर्ट काढून डब्याच्या पिशवीत कोंबायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि मगच पारावरून पुढे जायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. "थंडी आहे, राहू दे ना गं," म्हटलं तर म्हणाली, "इथून पुढं गाव लागतं."

आज मी नाशकात जीन्स घालून नोकरीला जाते. गावी निघताना मात्र अजूनही पंजाबी ड्रेस घालूनच एसटीत चढते, आणि दर वेळी स्वतःचा राग येतो. तुमचा ओढा कुठे लागतो? मोकळेपणाने लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

सातपूरहून
एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर होते. शर्ट-पँट, सेफ्टी शूज. सासरी सहा वर्षं कुणाला माहीत नव्हतं. सातची शिफ्ट, पण साडी बदलायची म्हणून साडेसहालाच पोचायचं. सुटल्यावर पुन्हा तेच. बाकीच्या बस पकडायच्या, मी निऱ्या घालत असायचे. त्या वेळेचा पगार कुणी दिला नाही. एकदा घाईत तशीच घरी आले. सासूबाई दारातच होत्या. आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

पंचवटीतून
माझा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते. पणजीचं लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, दंडात जाड कथलाच्या वाक्या. बघणाऱ्याला लांबूनच जात कळायची. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की अशी ओळख पटवणारी लुगड्याची पद्धत आणि दागिने सोडून द्या. ते आमच्या वस्तीपर्यंत पोचलं तेव्हा पणजीने वाक्या काढल्या आणि घोट्यापर्यंत लुगडं नेसायला लागली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 चा, त्याच्या आधीची ही गोष्ट. गल्लीतून जाताना टोमणे बसायचे, "मोठी बामणीण झालीस का?" आमच्या घरात अंगभर साडी हेच बंड होतं. साडी म्हणजे जोखड असं कुणी सरसकट म्हटलं की मला पणजीचे घोटे आठवतात.

इंदिरानगरहून
गाऊनवर ओढणी. कचऱ्याच्या घंटागाडीपर्यंत वीस पावलं, तरी ओढणी. एवढंच लिहायचं होतं.

सिडकोतून
मी लेडीज टेलर आहे. ड्रेसला खिसा लावा म्हणणाऱ्या आता बऱ्याच येतात. पण निम्म्याजणी हळूच म्हणतात, "ताई, बाजूच्या शिलाईत घ्या, दिसायला नको." मोबाईल, गाडीची किल्ली, वीसची नोट, एवढ्याला खिसा. तोही लपवायचा! मी आता विचारतच नाही, सरळ लावून देते. अजून एकीनेही उसवून मागितला नाही.

गंगापूर रोडहून
पाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारी, फेटा, बुलेट. सासऱ्यांनी स्वतः फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. पुढच्याच सोमवारी तीच बुलेट घेऊन ऑफिसला निघाले, जीन्समध्ये, तर म्हणाले, "रोज कशाला?" नऊवारी मला मनापासून आवडते. म्हणूनच ते जास्त लागलं.

पुन्हा मी
सातपूरच्या ताई, तुमचं आईला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "तिला साडी ठेवायला कपाट तरी होतं का गं? माझा शर्ट पिशवीत भाकरीला लागायचा, औषधाचा वास यायचा."